मालकीचा वेळ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात कवी शोधावा लागत नाही. शाळेत मास्तर आहे, ग्रामपंचायतीत शिपाई आहे, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारं पोरगं आहे. कुणाच्या ना कुणाच्या वहीच्या मागच्या पानांवर कविता निघतेच. इथल्या झाडीबोलीचं कविसंमेलन असलं की पत्रिकेवरच्या नावांपेक्षा जास्त जण वाचतात आणि कुणाला थांबवावंसं वाटत नाही. कादंबरी लिहिणारा मात्र शोधावा लागतो. बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परत यावं लागतं.

हा फरक प्रतिभेचा नाही, वेळेचा आहे.

कविता उसन्या वेळात होते. कादंबरीला मालकीचा वेळ लागतो. आणि मालकीचा वेळ ही आमच्याकडे मालकीच्या जमिनीहून दुर्मिळ गोष्ट.

इथलं वर्ष कसं जातं ते पाहावं. मार्च सरत आला की मोह गळायला लागतो. फुलं रात्रीतून पडतात, ऊन चढायच्या आत वेचून घ्यावी लागतात. म्हणून बाया अंधार असतानाच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. एकटीनं जायचं नाही, हे आता ठरून गेलं आहे. मोहफुलं वेचताना वाघानं हल्ला केल्याची बातमी दर हंगामात कुठून ना कुठून येतेच. बाई वाकून वेचते, थोड्या थोड्या वेळानं कंबर सरळ करते आणि कंबर सरळ करता करता आजूबाजूच्या झुडपांवरून नजर फिरवते. तिच्या विश्रांतीतही पहारा असतो. मे महिन्यात तेंदू. सत्तर पानांचा एक पुडा; तोडायचा पहाटे, बांधायचा दुपारी, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा संध्याकाळी. पावसाळ्यात रोवणा, धानाची लावणी. दिवाळीच्या आगेमागे धान, मग कापूस. आणि नवं वर्ष लागलं की मिरची तोडायला नदीपलीकडे, तेलंगणात. गाड्या भरभरून माणसं जातात. घरी म्हातारी उरते आणि शाळेतली लेकरं.

अशा वर्षात कविता बसते. आठ ओळी पुडे बांधता बांधता जुळतात, घरी येईपर्यंत तोंडपाठ राहतात. कादंबरी तोंडपाठ ठेवता येत नाही. काल तिला जिथं सोडलं तिथंच आज परत यावं लागतं, उद्याही यावं लागतं, आणि हे दोन-तीन वर्षं चालावं लागतं. मधे मिरचीचा हंगाम आला की माणूस परत येतो, पण कादंबरी वाट पाहत थांबलेली नसते.

कोणत्या मुलखात कोणता वाङ्मयप्रकार वाढला हे पाहायचं असेल, तर आधी तिथली मजुरी पाहावी.

महाराष्ट्रातल्या आदिवासी लेखणीची पुस्तकं आठवायला बसलं की आधी कवितासंग्रहच आठवतात. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’. भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’. गोंडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या उषाकिरण आत्राम यांचा ‘म्होरकी’. चळवळीत, मोर्चात, बसस्टँडवर जे लिहून होतं ते आधी लिहिलं गेलं. त्या कवितांची ताकद मोठी आहे, आणि तिला मी कादंबरीची पहिली पायरी म्हणणार नाही. पण या माणसांना रिकाम्या दुपारी मिळाल्या असत्या तर आज आपल्याकडे आणखी काय असतं, हा विचार मनातून जात नाही.

कवी आणि कादंबरीकार एकाच माणसात असलेला लेखक चंद्रपूरनं पाहिला आहे. वसंत आबाजी डहाके. जन्म १९४२ सालचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचा, शाळा चंद्रपूरची, एम.ए. नागपूर विद्यापीठाचं. १९६६ साली ‘सत्यकथे’त ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घकविता आली तेव्हा ते चोविशीत होते. त्याच नावाचा संग्रह १९७२ सालचा. १९७५ साली ‘अधोलोक’ ही कादंबरी, १९८१ साली ‘प्रतिबद्ध आणि मर्त्य’. मग पुन्हा कविता: ‘शुभवर्तमान’, ‘शुनःशेप’, ‘चित्रलिपी’. ‘चित्रलिपी’ला २००९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या क्रमात एक गोष्ट सहज दिसते. सुरुवात दीर्घकवितेनं आहे. छोटी कविता एका क्षणात मावते. दीर्घकविता लिहिणारा त्या क्षणात मावेनासा झालेला असतो. त्याच्या आत माणसं बोलायला लागलेली असतात, रस्ते दिसायला लागलेले असतात. तिथून कादंबरी लांब नसते. जो कवी दीर्घ लिहितो त्याला आज ना उद्या कुणाची तरी नावं लिहावी लागतात.

डहाके अमरावतीला आणि मुंबईला महाविद्यालयांत मराठी शिकवत राहिले. मराठी साहित्याचा सर्वांत मोठा आश्रयदाता कोण, असं कुणी विचारलं तर राजा, प्रकाशक, अकादमी यांच्या आधी महिन्याच्या पगाराचं नाव घ्यावं लागेल. त्याचं ऋण मोकळ्या मनानं मान्य करायला हवं. शिकवणाऱ्याला दुपार मिळते, दिवाळीची सुटी मिळते, उन्हाळ्याची मिळते. ज्या मे महिन्यात आमच्याकडची बाई तेंदूच्या झाडाशी असते, त्याच मे महिन्यात मराठीची कितीतरी पुस्तकं प्राध्यापकांच्या टेबलावर लिहून झाली. यात प्राध्यापकांचा दोष नाही. त्यांनी मिळालेला वेळ वाया घालवला नाही, हे उलट त्यांचं देणं आहे. डहाके यांनी तर त्या वेळातला मोठा वाटा दुसऱ्यांच्या नोंदी लिहिण्याला दिला. संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशाच्या संपादकांत ते आहेत, त्यांच्या पत्नी, कवयित्री-समीक्षक प्रभा गणोरकर आहेत, जया दडकर आणि सदानंद भटकळ आहेत. कोशाचं काम माणसाचे महिने गिळतं, आणि त्यात स्वतःची एक ओळही वाढत नाही. ज्यानं स्वतःच्या दोन कवितांच्या मधे हे केलं, त्याला साहित्य म्हणजे आपल्या एकट्याचं काम वाटत नसणार.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात १९७९ साली झालं तेव्हा वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते. पुन्हा झालं ते फेब्रुवारी २०१२ मध्ये, पंच्याऐंशीवं, आणि अध्यक्ष डहाके. सत्तरीला टेकलेला लेखक, ज्या गावात शाळा शिकला त्याच गावात अध्यक्ष म्हणून उभा राहिला. पण ते गाव तेच होतं का? त्यांच्या शाळेच्या दिवसांत त्याचं नाव चांदा होतं. गोंडराजांचा परकोट, जटपुऱ्याची आणि पठाणपुऱ्याची वेस, इरई-झरपटीचा संगम, चैत्रात महाकालीची यात्रा. कोळसा तेव्हाही निघत होता. नंतर मात्र महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या उभ्या राहिल्या, राजुऱ्याकडे सास्ती, गोवरी, पोवनीच्या उघड्या खाणी पसरल्या, आणि जिथं सपाट रान होतं तिथं ओबीचे डोंगर आले. कोळशाच्या वरची माती काढून रचलेले हे डोंगर. बाहेरून येणाऱ्याला ते मूळचेच वाटतात. मूळचं काय होतं हे सांगायला एखादं पुस्तक लागतं.

जर्मनीत अशाच मातीतून आलेला एक लेखक आज लिहितो आहे. लुट्स झायलर. जन्म १९६३, थुरिंगिया प्रांतातल्या गेरा शहराचा, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीतला. बालपणाचं गाव कुल्मिच. त्या मुलखात युरेनियम सापडलं. ‘विस्मुट’ नावाच्या कंपनीनं १९४६ पासून १९९० पर्यंत दोन लाख टनांहून अधिक युरेनियम थुरिंगिया आणि शेजारच्या सॅक्सनीतून काढलं. ते सोव्हिएत संघाला गेलं. १९६८ साली कुल्मिच उठवलं गेलं. झायलर तेव्हा पाच वर्षांचा. पुढं तो गवंडीकाम आणि सुतारकाम शिकला, बांधकामावर राबला. कविता वाचायला आणि लिहायला लागला तो सक्तीच्या लष्करी नोकरीत. २००० साली आलेल्या ज्या संग्रहानं त्याचं नाव झालं, त्याचं शीर्षकच युरेनियमच्या खनिजाच्या नावावर बेतलेलं आहे.

हे वाचताना गोंडपिपरीच्या वाचकाला नकाशा उघडावा लागत नाही.

जर्मनी एक झाल्यावर सरकारनं त्या खाणींच्या जमिनीवर अब्जावधी युरो खर्च केले. गाळाची तळी झाकली, ढिगारे हलवले, हिरवळ आणली. २००७ साली गेरा आणि रोनेबुर्गला, त्याच उकरलेल्या जमिनीवर, देशाचं मोठं पुष्पप्रदर्शन भरलं. त्याच वर्षी झायलरला एका कथेसाठी इंगेबोर्ग बाखमान पुरस्कार मिळाला. जमीन पैशानं बरी करता येते, निदान तसा प्रयत्न करता येतो, आणि तो केल्याबद्दल त्या देशाला मी मानतो. आपल्याकडे तेवढंही होताना फार थोडं दिसतं. पण गाव पैशानं परत येत नाही. कुल्मिच आज गाळाच्या तळ्याचं नाव आहे आणि काही कवितांमधली जागा आहे.

झायलरची पहिली कादंबरी ‘क्रूझो’ २०१४ साली आली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तिला त्या वर्षीचा जर्मन बुक प्राइझ मिळाला. पुढं २०२० साली ‘श्टेर्न १११’ या कादंबरीला लाइपझिग पुस्तक मेळ्याचा पुरस्कार, आणि २०२३ साली एकूण कामासाठी गेओर्ग ब्युखनर पुरस्कार, जर्मन भाषेतला सर्वांत मानाचा. ‘क्रूझो’ घडते हिडनझे बेटावर, १९८९ च्या उन्हाळ्यात. एका खाणावळीत भांडी घासणाऱ्या माणसांमध्ये. झायलरनं स्वतः त्या उन्हाळ्यात तिथं भांडी घासली होती. बेटावरून रात्री समुद्रात उतरून डेन्मार्क गाठू पाहणारे लोक असत. पुष्कळ पोचले नाहीत. कादंबरीच्या शेवटी निवेदक अनेक वर्षांनी डेन्मार्कला जातो आणि तिथल्या किनाऱ्याला लागलेल्या, नाव नसलेल्या मृतांच्या नोंदी शोधतो.

कवी कादंबरीकडे का वळतो, याचं उत्तर मला त्या शेवटच्या प्रकरणात मिळालं. कवितेला एक माणूस पुरतो. त्याचा श्वास, त्याची भीती, त्याचं घर. पण गाव उठलं, माणसं पांगली, की एकाचं दुःख सांगून भागत नाही. कोण कुठं गेलं हे सांगावं लागतं. कुणाला मोबदला मिळाला, कुणी तो दारूत घालवला, कुणाच्या मुलीचं लग्न त्या पैशात झालं, कोणती म्हातारी नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीतून रोज संध्याकाळी जुन्या विहिरीच्या दिशेनं चालू लागते. ‘कोण कुठं गेलं’ हा कादंबरीचा प्रश्न आहे. तो कवितेला विचारला तर ती नुसती मान खाली घालते.

मोबदला हा शब्द आला की मला शुनःशेप आठवतो. डहाके यांनी संग्रहाला ते नाव दिलं. गोष्ट ऐतरेय ब्राह्मणातली. अजीगर्ताला तीन मुलगे. थोरला बापाचा लाडका, धाकटा आईचा. मधला शुनःशेप शंभर गायींना विकला गेला, दुसऱ्याच्या मुलाऐवजी वरुणाला बळी द्यायला. त्याला यूपाला, यज्ञाच्या खांबाला, बांधायला कुणी तयार होईना, तेव्हा बाप आणखी शंभर गायी घेऊन बांधायला तयार झाला. मारायला कुणी धजेना, तेव्हा आणखी शंभर. या कथेत मला सर्वांत भयंकर वाटतो तो हिशेब. प्रत्येक पायरीला दर ठरतो आणि प्रत्येक पायरीला तो चुकता होतो. कुणी फसवलं असं म्हणायला जागाच राहत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत जमीन, झाड, पाणी यांचे दर असेच पायरीपायरीनं ठरले आहेत. विकला गेलेला मधला मुलगा खांबाला बांधलेला असताना काय पाहत होता, हे मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ते लिहिणं साहित्याचंच काम.

कागदाचीही इथं एक गोष्ट आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची स्थापना १९४५ ची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला बांबू वर्षानुवर्षं तिथं गेला, त्याचा कागद देशभर गेला. ज्या मुलखानं इतका कागद दिला त्याच्याविषयी त्या कागदावर किती लिहिलं गेलं? त्याच काळात इथल्या बुरडाला सूप-टोपलीपुरता बांबू मिळवायला वनखात्याचे उंबरे झिजवावे लागत होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज मानला. एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना आला. मालकी म्हणजे दुसरं काय? कधी तोडायचं आणि कधी थांबायचं, हे स्वतः ठरवता येणं. लिहिणाऱ्यालाही याहून वेगळी मालकी नको असते.

वाचकच नाहीत, मग कादंबरी कुणासाठी, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी धान घरात आल्यानंतरच्या एखाद्या रात्री आमच्याकडे यावं. दिवसा मंडईची जत्रा किंवा शंकरपटाच्या बैलशर्यती, रात्री नाटक. वडशाहून नाटक कंपनी येते, पडदा उशिरा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतं. घरोघर पाहुणे उतरलेले असतात, नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जुळतात. थंडीत चादर लपेटून माणसं अख्खी रात्र एका कुटुंबाची गोष्ट ऐकतात: जमिनीची वाटणी, सुनेचा छळ, शिकून परत न आलेला मुलगा. २०२३ साली इथल्या झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मान त्या जागणाऱ्या प्रेक्षकांचाही झाला. कादंबरीला जो धीर लागतो तो इथल्या ऐकणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. सलग पुढं सरकणारी लांब गोष्ट या लोकांना नवी नाही, आणि ती कुणी त्यांच्यापुढं मांडली तर ते उठून जाणार नाहीत. अडचण ऐकणाऱ्याच्या बाजूला नाहीच.

झायलर १९९७ पासून पोट्सडामजवळच्या विल्हेल्म्सहोर्स्टला पेटर हुखेल या कवीच्या घरी राहतो आणि तिथले साहित्याचे कार्यक्रम पाहतो. हुखेल हा पूर्व जर्मनीतला मोठा कवी आणि संपादक. १९६२ साली त्याच्याकडचं साहित्यिक नियतकालिकाचं संपादकपद गेलं आणि १९७१ साली देश सोडेपर्यंत तो याच घरात पाळतीखाली राहिला. एका कवीला जिथं कोंडलं, तिथंच दुसऱ्याला वेळ दिला गेला. गवंडीकाम केलेल्या माणसाला एक्कावन्नाव्या वर्षी कादंबरी लिहिता आली, त्यात त्या घराचा वाटा मी मोठा मानतो. पुरस्काराची रक्कम सुद्धा रुपयांत किंवा युरोंत मोजू नये. लेखकाला तिच्यातून किती महिने मिळाले, त्यात मोजावी. शाल आणि श्रीफळ यांत एकही महिना नसतो.

म्हणून मागणं साधं आहे. खाणींकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे पैसा जमा होतो. तो पाण्यावर, दवाखान्यावर, शाळांवर खर्च व्हावा, आधी त्यांच्यावरच व्हावा. पण त्याच्या शेजारी एक छोटी रक्कम कुणीतरी ठेवावी. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ दोन्ही जिल्ह्यांचं आहे. त्यानं ठेवावी, किंवा एखाद्या महाविद्यालयानं, किंवा चार गावांनी मिळून. तालुक्यातल्या एका लिहित्या माणसाला, आणि ती बाई असली तर फार बरं, जानेवारीपासून जूनपर्यंतची मजुरी द्यावी. मिरची, मोह, तेंदू, हे तिन्ही हंगाम तिला घरी बसता यावं. सांगण्यासारखं तिच्याकडे आधीपासून आहे, ते या हंगामांनीच तिला दिलं आहे. वर्षाअखेर तिच्याकडं पुस्तक मागू नये, किती पानं झाली हे विचारू नये, कार्यक्रमात बोलायला लावू नये. आणि पुरं झालं नसेल तर पुढच्या जानेवारीत पुन्हा तिलाच द्यावी.